सप्टेंबरच्या उकाड्यात हरणं दिसेनाशी होतात: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

पिट्सबर्ग आणि त्याच्या भोवतालची उपनगरं पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनच्या (राज्याच्या वन्यजीव खात्याच्या) नकाशावर २बी या विभागात येतात. राज्यात बहुतेक ठिकाणी धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा मोसम ऑक्टोबर लागल्यावर सुरू होतो. २बी मध्ये, आणि तिकडे फिलाडेल्फियाच्या बाजूच्या ५सी व ५डी मध्ये, तो सप्टेंबरच्या मध्यालाच उघडतो, कारण या भागांत वस्ती दाट आहे आणि पांढऱ्या शेपटीची हरणंही भरपूर. खुद्द पिट्सबर्ग शहराने २०२३ मध्ये फ्रिक आणि रिव्हरव्ह्यू या दोन मोठ्या उद्यानांत निवडक तिरंदाजांना परवानगी द्यायला सुरुवात केली.

लवकर उघडणाऱ्या या मोसमाची एक अडचण आहे. त्या दिवसांत पारा दुपारी ८० फॅरनहाइटच्या वर जाणं इथे नवलाचं नाही. मग दरवर्षी ओळखीतले, आणि आता बो हंटिंगकडे वळलेले बरेच मराठी लोकही, मला तेच विचारतात: "ऑगस्टभर हरणं होती, मोसम उघडला आणि गेली कुठे? उकाड्यानेच ना?" लोकांसोबत त्यांच्या जागा फिरून हे कोडं मी इतकेदा सोडवलंय, की आता तपासणीचा क्रमच ठरून गेलाय. उकाडा हे खरं कारण असतं. पण एकटा उकाडा क्वचितच असतो, आणि त्याच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ भलतीकडेच निघतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला जागा नाही आणि ते योग्यच आहे. इथे लिहिलंय ते फक्त परवाना, टॅग (मारलेल्या हरणाला लावायची अधिकृत चिठ्ठी) आणि हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र घेऊन केलेल्या इथल्या शिकारीबद्दल.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा. दोन-तीन एकत्रही असू शकतात.

- ट्रेल कॅमेऱ्यात (झाडाला बांधलेला, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) फोटो येतात, पण सगळे रात्रीचे. ऑगस्टमध्ये हीच हरणं उजेडी येत होती.
- सोयाबीनच्या कडेला रोज संध्याकाळी चरणारा नरांचा घोळका फुटला आणि शेत रिकामं झालं.
- माद्या आणि पाडसं येतात, नर येत नाहीत.
- हरणं येतात, पण कायदेशीर वेळेच्या अगदी शेवटच्या मिनिटांत.
- मचाणावर बसलं की झाडीतून जोराचा फुत्कार ऐकू येतो, पांढरी शेपटी उभी राहिलेली दिसते आणि सगळं शांत.
- रात्र असो वा दिवस, एकूण फोटोच कमी झालेत.
- ओढ्याकाठी किंवा तळ्यात हरीण मेलेलं, नाहीतर माणूस जवळ गेला तरी न उठणारं सापडलं.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी सगळं सोडा आणि खाली "आजार" हा भाग वाचा.

उकाड्याने नेमकं काय होतं

उन्हाळ्यातली हरणाची पातळ, तांबूस लव ऑगस्टच्या शेवटापासून झडायला लागते. तिच्या जागी करडी, दाट लव येते. तिचे वरचे केस पोकळ असतात आणि खाली मऊ लोकरीसारखा थर असतो. म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला अंगावर हिवाळ्याची तयारी आणि बाहेर हवा उन्हाळ्याची, अशी त्या जनावराची स्थिती असते. त्यात ते रवंथ करणारं. खाल्लेला पाला पोटात आंबतो तेव्हा त्याचीही ऊब तयार होते. अंग गार करायला मुख्यतः धापा टाकणं हाच उपाय. मग ते दिवसाचं चालणं कमी करतं आणि सावलीला बसतं.

पण रवंथ करणाऱ्या जनावराला दिवसभर बसून राहणं परवडत नाही. पोट रिकामं झालं की उठावंच लागतं. उकाड्यातही ते उठतं, सावलीतच थोडं पुढे जाऊन चार तोंडं मारतं आणि पुन्हा बसतं. आपण म्हणतो हरणं हलत नाहीत. खरं तर ती हलतात, फक्त उजेड असेतो तुमच्या मचाणापर्यंत पोहोचत नाहीत. खालची सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे.

पहिली तपासणी: कॅमेरा खरं बोलतोय का

हिला पैसा लागत नाही, म्हणून ही पहिली. तुमची तक्रार ज्या पुराव्यावर उभी आहे तो पुरावाच कच्चा असेल तर पुढचं सगळं वाया.

आधी घड्याळ बघा. बॅटरी बदलताना सकाळ-संध्याकाळची अदलाबदल सहज होते. ओळखायची खूण सोपी आहे: रात्रीचे फोटो इन्फ्रारेडवर निघतात, म्हणून काळे-पांढरे असतात. फोटो रंगीत आणि त्यावर वेळ रात्री नऊची असेल, तर हरीण नाही, घड्याळ चुकलंय.

मग सेन्सर. ट्रेल कॅमेरा हलणारी वस्तू ओळखतो ती तिच्या आणि मागच्या दृश्याच्या तापमानातल्या फरकावरून. थंडीत हा फरक मोठा असतो. ८५ फॅरनहाइटच्या दुपारी हरणाच्या केसांचा पृष्ठभाग आणि मागची तापलेली झाडी जवळजवळ सारखीच असतात. कॅमेऱ्याचा पल्ला आखडतो, आणि नोव्हेंबरात साठ फुटांवरून टिपलेलं जनावर सप्टेंबरच्या दुपारी तीस फुटांवरूनही सुटू शकतं. उलट ऊन लागलेली गवताची पाती वाऱ्याने हलली तरी तो फोटो काढतो, आणि मग कार्डावर नुसत्या गवताचे शेकडो फोटो सापडतात. असे रिकामे फोटो दुपारी जास्त आणि पहाटे कमी असतील, तर रोग हाच.

उपाय: कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे करा, म्हणजे ऊन थेट लागत नाही. पुढचं गवत कापा. वाटेच्या आडवा न लावता तिरका लावा, म्हणजे जनावर जास्त वेळ समोर राहतं. आणि दुपारी स्वतः समोरून चालून बघा, किती अंतरावर तो तुम्हाला पकडतो ते. हे केल्यावर आठवडाभर थांबा. बऱ्याच जणांची तक्रार इथेच संपते.

दुसरी: तुमची स्वतःची ये-जा

हीही फुकट आहे, पण मन मोठं करावं लागतं. मोसम उघडायच्या आधीच्या पंधरवड्यात आपण काय करतो? मचाण लावतो, फांद्या छाटतो, दर दोन दिवसांनी कार्ड बदलायला जातो. भर उकाड्यात, घामाघूम. हा सगळा घाम गवताला, खोडाला, शिडीला लागतो. हरणाच्या बाजूने पाहिलं तर शांत असलेल्या जागी एकदम माणसाचा वावर वाढलेला असतो. ते जागा सोडून पळून जात नाही. प्रौढ मादीचा एकूण वावर बहुधा एका चौरस मैलाच्या आतला असतो, ती जाणार कुठे? ती फक्त त्या वाटेवर उजेडी यायचं बंद करते.

फोटो रात्रीचे झाले ती तारीख आणि तुम्ही तिथे काम केलं ती तारीख शेजारी ठेवून बघा. जुळत असतील तर आठ-दहा दिवस तिकडे पाऊल टाकू नका. कार्ड काढायला जायचंच तर भर दुपारी, रबरी बूट घालून, शक्यतो पावसाच्या आधी. उपनगरी भागात ही बाब थोडी सैल आहे. तिथली हरणं कुत्रे फिरवणारी माणसं रोज बघतात. पण त्यांनाही कळतं की माणूस पायवाटेवर आहे की झुडपात.

तिसरी: दिवस आणि वेळ

पेनसिल्व्हेनियात गेम कमिशन आणि पेन स्टेट विद्यापीठ मिळून २०१३ पासून हरणांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे अडकवून अभ्यास करताहेत. अशा पट्ट्यांवरून जागोजाग एकच चित्र निघतं: हरीण सर्वांत जास्त चालतं ते उजाडताना आणि दिवस मावळताना, हवा कशीही असो. उकाड्यात या दोन वेळा आक्रसतात. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्ताच्या अर्ध्या तासानंतरपर्यंत बाण सोडता येतो. त्या दोन टोकांपलीकडे दिवसभर बसून सप्टेंबरात काही हाती लागत नाही. उगाच स्वतःचा वास जंगलभर होतो.

सकाळ की संध्याकाळ? पहाट सर्वांत गार, म्हणून बरेच जण सकाळ निवडतात. माझं मत वेगळं आहे. सप्टेंबरात हरणं रात्रभर शेतात नाहीतर ओकखाली असतात, आणि तुम्ही अंधारात मचाणाकडे जाता ते नेमके त्यांच्यातून. संध्याकाळी ती झोपलेली असतात आणि तुम्हाला आधी जाऊन बसता येतं. पाऊस पडून गेला, वारा वायव्येकडून सुटला आणि पारा एका दिवसात दहा-पंधरा अंश उतरला, की मात्र मी सकाळही सोडत नाही. अशा दिवसासाठी रजा राखून ठेवा.

"नर येत नाहीत" हे लक्षण असेल तर उकाड्याला दोष देऊ नका. सप्टेंबरच्या सुरुवातीला नर शिंगांवरची मखमल घासून काढतात. अंगात संप्रेरकं चढतात, उन्हाळाभर एकत्र चरणारे एकमेकांना सोसेनासे होतात आणि जो तो आपापल्या शरदातल्या मुलखाकडे निघतो. हे सगळं दिवसाच्या लांबीवर चालतं. माजाचंही तेच. इथे माद्यांच्या फळण्याचा मुख्य काळ नोव्हेंबरच्या मध्याला येतो, ऑक्टोबर गरम गेला म्हणून तो पुढे ढकलला जात नाही. त्या घोळक्यातला मोठा नर याच वावरात राहिला तर राहिला. त्याची वाट बघत रिकाम्या शेतावर बसू नका.

चौथी: जेवण कुठे हललं

वरच्या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर बहुतेक वेळा उत्तर इथे सापडतं. सोयाबीनचं पान हिरवं आहे तोवर हरणाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सोयाबीनचं पान पिवळं पडून गळायला लागतं तो काळ वेगळा सांगायला नको. इथे तो सप्टेंबरात येतो. पान पिवळं पडलं की शेत हरणांसाठी निकामी होतं, हरणं कोरड्या शेंगांसाठी पुन्हा थंडीत परत येतात. आणि नेमक्या याच दिवसांत ओकची फळं गळायला लागतात.

ओकचे मुख्य गट दोन, आणि फरक ओळखता आलाच पाहिजे. पांढऱ्या ओकच्या पानाचे पाळे गोलसर असतात, टोकाला काटा नसतो. लाल ओकचे पाळे टोकदार आणि प्रत्येक टोकाला बारीक ताठ केस. पांढऱ्याचं फळ त्याच वर्षी पिकतं, लवकर गळतं, त्यात तुरटपणा कमी. लाल ओकचं फळ पिकायला दोन वर्षं घेतं आणि जास्त तुरट लागतं. पांढरा ओक गळत असेल तर हरणं आधी तिथे जातात. ओकच्या जंगलात सावलीही असते, म्हणजे उकाड्यात उघड्या शेतात न येता झोपायच्या जागेपासून दोनशे पावलांवर पोट भरतं. "उकाड्याने हरणं बंद झाली" असं वाटतं त्या वेळी ती अशीच आत, सावलीत, फळं फोडत असतात.

तपासायचं कसं? दुपारी, वारा तोंडावर घेत, ओकच्या डोंगरसोंडेवर हळू चाला आणि खाली बघा. नुसती फळं पडलेली असणं पुरेसं नाही. हरीण फळ दाढेखाली फोडतं आणि टरफलाचे मोठे, ओबडधोबड तुकडे टाकतं, टोपी तशीच पडलेली असते. खारीने खाल्लेल्यावर बारीक दातांच्या खुणा असतात. पाचोळा उलथापालथ झालेला असतो. लेंड्या ओल्या, काळ्या, चकचकीत असतील तर आदल्या रात्रीच्या. फिक्या आणि चुरा होणाऱ्या असतील तर पुढे चला. आसपास दहा ओक फळं टाकत असले तरी एखाददुसऱ्याच झाडाखाली जमीन अशी तुडवलेली सापडते. मचाण त्या झाडाच्या रोखाने न्यायचं.

इथे कुणीतरी विचारतंच, की मका टाकून हरणं बोलवता येतील का. नाही. काही खास परवाने सोडले तर पेनसिल्व्हेनियात आमिष टाकून शिकार करणं बेकायदा आहे. मका, सफरचंद, मीठ, खनिजांची वीट, सगळंच. टाकलेलं उचलल्यावरही तीस दिवस तिथे शिकार करता येत नाही. भाड्याच्या किंवा ओळखीच्या जमिनीवर बसत असाल तर आधीच्या माणसाने मिठाची वीट ठेवली होती का, हे मालकाला विचारून घ्या.

पाचवी: वारा, आणि वाऱ्याशिवायची हवा

फुत्कार ऐकू येतोय पण हरीण दिसत नाही, म्हणजे त्याला तुमचा वास लागलाय. उकाड्याच्या दिवसांत हे जास्त होतं. त्याला तुमचा घाम कारण आहेच, पण मोठं कारण हवेची वागणूक. गरम दिवस बहुधा संथ असतात. वारा पडलेला असला की डोंगराची स्वतःची हवा राज्य करते: सकाळी ऊन चढलं की तापलेली हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी सावली पडली की गार, जड हवा ओघळीतून खाली वाहते. पश्चिम पेनसिल्व्हेनियाचा मुलूख असा सगळा ओघळींचा आणि तीव्र उतारांचा. हवामानाचं अ‍ॅप "वारा नैऋत्येचा, ताशी ३ मैल" म्हणत असतं, आणि तुमचा वास मात्र सरळ खाली ओढ्याकडे वाहत असतो, जिकडून हरणं वर येणार.

यासाठी अ‍ॅप नको, म्हातारी हवी. इथल्या मिल्कवीडची बोंडं सप्टेंबर-ऑक्टोबरात फुटतात. ती आपल्या रुईचीच नातलग, आणि आतून तशाच रेशमी म्हाताऱ्या निघतात. दोन बोंडं खिशात ठेवा. मचाणावर बसल्यावर एक म्हातारी सोडा आणि नजरेआड होईपर्यंत तिच्यावर डोळा ठेवा. पावडरच्या बाटलीपेक्षा ही कितीतरी चांगली, कारण पावडर हाताच्या अंतरावर विरते. म्हातारी पन्नास-साठ पावलं जाते आणि वाटेत काय काय होतं ते दाखवते. संध्याकाळी पाचला ती वर तरंगत सोंडेकडे जाते. साडेसहाला, समोरच्या उतारावरचं ऊन गेलं की तीच म्हातारी जागेवर क्षणभर घुटमळते आणि मग खाली वळते. हा पालट होतो तेव्हा हरणं चालायला लागलेली असतात. बसायची जागा निवडायची ती पालटानंतरची दिशा धरून. म्हणजे हरणं येणार त्या वाटेच्या खालच्या बाजूला, किंवा एका अंगाला.

सुगंधरहित साबण, हवाबंद डब्यात ठेवलेले कपडे, हे सगळं करा, मीही करते. पण ८० फॅरनहाइटला उतार चढून आलेल्या माणसाचा वास कोणताही साबण लपवू शकत नाही. सावकाश चाला, पातळ कपड्यांत जा, वरचा सदरा मचाणाखाली बदला.

सहावी: सावली आणि झोपायची जागा

इथून पुढे मेहनत आणि धोका दोन्ही वाढतात. वरचं सगळं करूनही हरणं अंधारातच पोहोचत असतील, तर मचाण त्यांच्या झोपण्याकडे सरकवावं लागतं. उकाड्यात ती उत्तर आणि पूर्वेकडे उतरणारे उतार, ओढ्याकाठचे थंड घळ, हेमलॉक या सदाहरित झाडाच्या दाट सावलीखालच्या जागा धरतात. उपनगरात घरांमागच्या ज्या ओघळीत कुणी उतरत नाही ती, रानगुलाबाच्या आणि बार्बेरीच्या काटेरी जाळ्यांसकट.

एकदम जाळीत घुसू नका. झोपायच्या जागेवरून एकदा उठवलेलं हरीण दिवसभरासाठी गेलं, आणि तुम्हाला परत पहिल्या तपासणीपासून सुरुवात करायची. झोपणं आणि जेवण यांच्यामधल्या वाटेवर, झोपण्याच्या बाजूला शे-दीडशे पावलं जवळ, एवढंच सरका. पालवी अजून दाट असते, त्याचा फायदा घ्या. मात्र त्याच पालवीमुळे बाणाला मोकळी रेघ कमी मिळते, म्हणून फांद्या आधीच छाटलेल्या हव्यात. माणूस राहत असलेल्या इमारतीपासून धनुष्यासाठी पन्नास यार्डांचं अंतर कायद्याने लागतं. परवानगी नसेल तर त्याच्या आत बसता येत नाही. २बी मध्ये हे अंतर मोजूनच ठेवा.

या जाळ्यांत गोचिडी असतात. कपड्यांना आदल्या दिवशी पर्मेथ्रिन मारून वाळवा (अंगाला नाही, आणि घरात मांजर असेल तर ओलं असेतो लांब), परत आल्यावर अंग तपासा. लाइम रोग पेनसिल्व्हेनियात सर्वत्र आहे.

सातवी: पाणी

ही मुद्दाम खाली ठेवली. ताडोबात बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजायची पद्धत आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते, आणि म्हणून मराठी माणूस उकाड्यात पहिला विचार पाण्याचा करतो. विदर्भातल्या मे महिन्यात तो बरोबरच आहे, तिथे कोसभर दुसरं पाणी नसतं. पश्चिम पेनसिल्व्हेनियात प्रत्येक घळीत झरा आहे. शिवाय हिरव्या पाल्यातूनच हरणाची बरीच तहान भागते. पाणी सगळीकडे असलं की एका पाण्यावर बसण्यात अर्थ उरत नाही.

अपवाद कोरड्या वर्षाचा. तीन-चार आठवडे पाऊस नाही, छोटे झरे आटले, पाला कोमेजला, तर उरलेलं डबकं खरोखर कामाचं ठरतं. तेही झोपायच्या जागेजवळचं, झाडीतलं. चिखलात ताजे खूर उमटलेत का बघा. उमटले असतील तर संध्याकाळी तिथे बसा, जेवणाकडे जाण्याआधी हरणं तिथे थांबतात.

आजार

एकूण फोटोच घटले असतील आणि पाण्याजवळ मेलेली हरणं दिसत असतील, तर हा उकाड्याचा आळस नव्हे. ईएचडी नावाचा विषाणूजन्य आजार चावणाऱ्या बारीक चिलटांमुळे पसरतो. ही चिलटं ओढ्या-तळ्यांच्या चिखलात वाढतात, म्हणून आजार उन्हाळ्याच्या शेवटी उसळतो आणि पहिलं कडक हिंव पडलं की थांबतो. हरणाला सडकून ताप येतो, ते पाण्याकडे धावतं, जीभ सुजते, तोंडाला फेस येतो, आणि लक्षणं दिसल्यावर बहुधा एक-दोन दिवसांत मरतं. नैऋत्य पेनसिल्व्हेनियात २००७ आणि २०१७ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. माणसाला हा आजार होत नाही.

इथे तुमचं काम संपतं. हात लावू नका, हलवू नका. जागा आणि तारीख लिहून गेम कमिशनला कळवा, त्यांच्या संकेतस्थळावर सोय आहे. खंगलेलं, डुलणारं, माणसाला न घाबरणारं हरीण दिसलं तरीही हेच करा. तो सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा आजार) असू शकतो, जो हवामानावर अवलंबून नाही आणि बारा महिने आढळतो. आजारी दिसणारं जनावर टॅग करून खायला नेऊ नका. साथ जोरात असेल त्या वर्षी तुमच्या छोट्या तुकड्यावर शिकार करावी की नाही, हेही विचारात घ्या. मी अशा वर्षी माद्यांचे टॅग तसेच ठेवते.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

हरणं परत दिसायला लागली तरी उकाड्यात काही ठिकाणी थांबावंच लागतं.

मांस. हरणाच्या अंगाचं तापमान १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतं, आणि ४० च्या वर जिवाणू भराभर वाढतात. नोव्हेंबरात हरीण रात्रभर झाडाला टांगलेलं चालतं, सप्टेंबरात नाही. आतडी लगेच काढायची, पोकळीत बर्फाच्या बंद पिशव्या भरायच्या, शक्य तितक्या लवकर कातडं उतरवायचं. मांडीच्या हाडाजवळचं मांस सर्वांत उशिरा गार होतं आणि सर्वांत आधी आंबतं. घरी मोठा फ्रीज नसेल, तर शीतगृह असलेला खाटीक हवाच. यातले बरेच जण बंदुकीच्या मोसमापुरतेच उघडतात, म्हणून घरून निघण्याआधी फोन करून विचारा. आज रात्री हरीण घेणारं कुणी नसेल आणि पारा ६० च्या खाली येणार नसेल, तर त्या संध्याकाळी बाण सोडू नका.

स्वतःचं अंग. मचाणावर चक्कर येणं, घाम थांबणं, डोकं ठणकणं ही खाली उतरायची वेळ आहे, हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधलेला सुरक्षा पट्टा) न सोडता, सावकाश. पाणी पिऊन सावलीत बसल्यावरही बरं वाटलं नाही किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर ९११. वर्षभर उन्हापावसात राहिलेले मचाणाचे पट्टे दरवर्षी बदला. शिडीखाली आणि आसनाखाली गांधीलमाशांचं पोळं आहे का, ते दिवसा उजेडी बघून ठेवा. ॲलर्जी असणाऱ्याने पोळं स्वतः काढायला जाऊ नये.

जखमी हरीण. उकाड्यातली ही सर्वांत अवघड गोष्ट, म्हणून सप्टेंबरात मी वीस यार्डांच्या आत, माझ्याकडे कूस करून उभं असेल तरच बाण सोडते. बाण परत मिळाला की त्यावरचं रक्त बघा. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, हरीण जवळच असेल. गडद तपकिरी-लाल म्हणजे यकृत. हिरवट, घाण वास म्हणजे आतडी. शेवटच्या दोन प्रकारांत मागे धावलात तर हरीण उठून मैलभर जातं, आणि थांबलात तर उकाड्यात मांस जातं, कोयोटही येतात. दाट पालवीत रक्ताचा मागही नीट दिसत नाही. अशा वेळी पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याने माग काढणाऱ्याला लगेच फोन करा. पेनसिल्व्हेनियात हे कायदेशीर आहे आणि युनायटेड ब्लड ट्रॅकर्स या संस्थेच्या यादीत राज्यवार माणसं सापडतात. बाण किती वाजता लागला, हरीण कोणत्या दिशेला गेलं, शेवटचं रक्त कुठे दिसलं, हे तो विचारेल. तेवढी जागा रंगीत फितीने बांधून ठेवा आणि बाहेर या. दोघा-चौघा मित्रांनी तुडवलेल्या मागावर चांगल्या कुत्र्यालाही वास धरता येत नाही.